कविता-कथेतील अलंकार आणि आपली वाचनदृष्टी

विहारातील अभ्यासवर्गात, जयंतीनिमित्त भरणाऱ्या कविसंमेलनात किंवा महाविद्यालयाच्या तासाला साहित्यातील अलंकारांचा विषय निघाला, की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली विद्यार्थ्यांची. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ही त्यांच्या लेखी परीक्षेत गुण मिळवून देणारी आणि परीक्षेनंतर विसरून जाण्याजोगी नावे असतात. दुसरी प्रतिक्रिया चळवळीत वाढलेल्या वाचकांची. अलंकार ही पंडितांची चैन आहे, आपले साहित्य जखमेतून जन्मले आहे, त्याला दागिन्यांची गरज काय, असे ते विचारतात. ह्या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, असे आम्हांस वाटते. अलंकार म्हणजे तयार झालेल्या अर्थावर बाहेरून चढविलेला साज, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते.

प्रस्तुत लेखात हा गैरसमज दूर करण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर वसलेल्या धर्माबादसारख्या गावातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून आम्ही लिहीत आहोत. ह्या गावाच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगूही सहज ऐकू येते. गावाच्या नावातच 'धर्म' हा संस्कृत आणि 'आबाद' हा फारसी शब्द शेजारी-शेजारी नांदतो. शब्द कुठून येतो, तो कोण वापरतो आणि वापरताना काय सुचवितो, हे कळण्यासाठी अशा गावातील माणसाला फार लांब जावे लागत नाही.

शब्दाचे तीन अर्थ

आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. नावे जड वाटली तरी गोष्ट रोजच्या वापरातील आहे. धर्माबादचा लाल मिरचीचा बाजार सर्वदूर परिचित आहे. तेव्हा एक वाक्य घेऊ : 'मिरचीचा बाजार भरला, की धर्माबाद खोकते.' हे वाक्य कोणा कवीचे नाही. विषय समजावा म्हणून आम्हीच ते जुळविले आहे.

अभिधेने, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाने पाहिले, तर हे वाक्य खोटे ठरते, कारण गाव खोकत नाही, माणसे खोकतात. येथे लक्षणा मदतीला येते. गावाचे नाव घेऊन आपण गावातील माणसांबद्दल बोलत आहोत, हे ऐकणाऱ्याला आपोआप उमगते. मग एक तिसरा प्रश्न उरतो : खोकतो कोण? पेढीवर बसून भाव ठरविणारा, की पोती उचलणारा? की दिवसभर देठ खुडत बसलेली बाई? वाक्यात ह्यांपैकी कोणाचेही नाव नाही. तरीही वाक्य ऐकताच तिचा चेहरा मनात उभा राहिला, तर ते काम व्यंजनेचे. न सांगता सुचविलेला हा अर्थ चांगल्या कवितेचा प्राण असतो.

वाचनातील पहिली चूक ह्या तीन पायऱ्यांपैकी पहिल्याच पायरीवर थांबण्याची आहे. बौद्ध वाचकाला तिचे परिणाम नीट ठाऊक असले पाहिजेत. बोधीपूर्वीच्या संघर्षात माराचे सैन्य चालून आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सुत्तनिपातातील पधानसुत्तात ह्या सैन्याच्या तुकड्यांची नावेच दिली आहेत. कामवासना, असमाधान, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, शंका अशा ह्या तुकड्या आहेत. माराच्या कन्यांची नावेही तृष्णा, अरती आणि रागा अशीच आहेत. मनातील विकारांना माणसांचे रूप दिले आहे, हे रचनाकाराने नावे ठेवतानाच उघड केले. अमूर्त गोष्टीला सजीवाचे गुण देण्याच्या ह्या पद्धतीला शालेय पुस्तकात चेतनगुणोक्ती म्हणतात. ती ओळखली नाही, तर आकाशातून उतरलेल्या राक्षसांची चमत्कारकथा हाती उरते. ती ओळखली, तर स्वतःच्या मनाचा नकाशा हाती येतो. अलंकार कळण्या-न कळण्याने येथे धम्माचाच अर्थ पालटतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) ह्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केलेले प्रश्नही ह्याच वाचनशिस्तीतून आलेले आहेत. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोवर वृद्ध, आजारी आणि मृत मनुष्य दिसलाच नव्हता, ही गोष्ट इतिहास म्हणून बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून उद्भवलेल्या शाक्य-कोलियांच्या संघर्षात दाखविले. कथेचा कोणता भाग घटना आहे आणि कोणता रचना आहे, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे, हा धडा त्यांनी आपल्याला दिला.

उपमा : ऐकणाऱ्याच्या घरातून उचललेली वस्तू

उपमेचे चार घटक सांगितले जातात. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोहोंत असणारा समान गुण म्हणजे साधारण धर्म, आणि 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' इत्यादी साम्यवाचक शब्द. पाठांतर येथे संपते आणि खरा प्रश्न पुढे सुरू होतो : कवीने हेच उपमान का निवडले?

तथागतांच्या उपदेशातील उपमा ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या आहेत. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात ते बालवयाच्या राहुलाला असत्य भाषणाविषयी समजावतात. पाय धुतल्यावर भांड्यात राहिलेले थोडेसे पाणी ते दाखवितात, मग ते फेकून देतात, भांडे पालथे घालतात आणि शेवटी रिकामे भांडे समोर ठेवतात. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसणाऱ्याचे श्रमणत्व असेच अल्प, फेकलेले, पालथे आणि रिते असते, हा त्यातील बोध. उपमान नुकतेच वापरलेले, मुलाच्या डोळ्यांसमोरचे भांडे आहे. अंगुत्तरनिकायात सोण नावाच्या भिक्खूची हकीकत येते. चालता-चालता पायांतून रक्त येईपर्यंत त्याने साधना केली आणि तो निराश झाला. त्याला तथागत वीणेच्या तारा अति ताणल्या किंवा अति सैल ठेवल्या तर काय होते, असे विचारतात. सोण गृहस्थ असताना वीणावादनात निपुण होता. उत्तर त्याच्या बोटांना आधीच ठाऊक होते.

ह्यावरून एक नियम हाती येतो. उत्तम उपमान ऐकणाऱ्याच्या अनुभवातून घेतलेले असते, आणि त्यामुळे नवा विचार परका वाटत नाही.

धम्मपदाच्या आरंभीच्या दोन गाथा पाहाव्या. दूषित मनाने केलेल्या कर्मामागून दुःख येते, ते गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून येणाऱ्या चाकाप्रमाणे. प्रसन्न मनाने केलेल्या कर्मामागून सुख येते, ते माणसाला न सोडणाऱ्या सावलीप्रमाणे. दोन्ही ठिकाणी 'मागोमाग येणे' हाच साधारण धर्म आहे. मात्र चाकाला ओझे आहे आणि ते ओझे बैलाच्या मानेवर आहे, तर सावलीला वजनच नाही. दुःख आणि सुख ह्यांतील फरक वेगळे वाक्य न लिहिता केवळ उपमानाच्या निवडीने सांगितला गेला आहे. ही उपमा काढून टाकली, तर अर्थाचा हा भागही तिच्याबरोबर जाईल. दागिना उतरविल्यावर शरीर तसेच राहते, उपमा उतरविल्यावर अर्थ तसाच राहत नाही.

आता आमच्या दोन साध्या ओळी पाहा. 'संध्याकाळ मिरचीच्या राशीसारखी लाल झाली' ही पहिली. 'संध्याकाळ हमालाच्या डोळ्यांसारखी लाल झाली' ही दुसरी. दोन्हींत उपमेय एकच, समान गुणही एकच. पहिल्या ओळीत आपण लांबून रंग पाहतो. दुसऱ्या ओळीत तोच रंग एका माणसाच्या डोळ्यांची आग होऊन येतो. कवी कुठे उभा आहे, हे उपमान सांगते. म्हणून उपमा हा भूमिकेचाही प्रश्न आहे.

रूपक : जिने नसलेला मनोरा

उपमेतील 'सारखा' गळून पडला आणि दोन वस्तू एकच मानल्या गेल्या, की रूपक होते. आपल्या चळवळीच्या गद्यातील एक समर्थ रूपक ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या पहिल्या अंकातील अग्रलेखात आहे. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा आहे, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जिना नाही, आणि ज्या मजल्यावर जन्म झाला त्याच मजल्यावर मरावे लागते, असे बाबासाहेबांनी तेथे मांडले.

ह्या रूपकाचे बळ कशात आहे? मजले उच्च-नीच असतात, एवढे सांगून ते थांबत नाही. इमारतीत जिना नसणे ही निसर्गाची करणी नव्हे. ज्याने इमारत बांधली त्याने जिना ठेवला नाही. जातिव्यवस्था माणसांनी रचलेली आहे, म्हणून ती माणसांना मोडताही येईल, हा निष्कर्ष रूपकाच्या पोटातच आहे. समाजाला झाडाची उपमा देऊन कोणी म्हटले, की फांद्या वर आणि मुळे खाली असायचीच, तर विषमता नैसर्गिक ठरते. दोन्ही वाक्ये रूपकेच. एक मनुष्य मुक्त करते, दुसरे त्याला बांधून ठेवते. रूपक तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असे आम्ही म्हणतो ते ह्याच कारणाने.

जुन्या प्रतिमा उलटविणे

वंचितांच्या साहित्याने एक पद्धत फार प्रभावीपणे वापरली आहे. प्रतिष्ठित प्रतिमा घ्यायची आणि तिचे तोंड फिरवायचे. तिचा पुरातन नमुना थेरीगाथेत सापडतो. वैशालीची गणिका आम्रपाली पुढे थेरी झाली. तिच्या नावे असलेल्या गाथांत ती आपल्या एकेका अवयवाचे वर्णन करते. केस भुंग्यांसारखे काळे होते, डोळे रत्नांसारखे तेजस्वी होते, मान शंखासारखी घोटीव होती. स्त्रीदेहाची अशी वर्णने दरबारी काव्याने शतकानुशतके केली, पण ती पुरुषांच्या तोंडून. येथे ती स्त्री स्वतः बोलते. प्रत्येक गाथेत उपमा उभारते आणि वार्धक्याने त्या अवयवाचे काय झाले ते सांगून ती मोडते. उपमांचा साठा जुनाच आहे, पण तो अनित्यतेच्या साक्षीसाठी उभा केला आहे.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात अण्णा भाऊ साठे ह्यांनी पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोलली असल्याची पुराणकल्पना बाजूला सारली आणि ती कष्टकरी दलितांच्या तळहातावर तरलेली आहे, असे सांगितले. एक शब्द बदलला. फण्याच्या जागी तळहात आला. त्यासरशी विश्वाचा आधार पुराणातून निघून खाणीत, गिरणीत आणि शेतात आला.

नामदेव ढसाळ ह्यांच्या 'गोलपिठा' (१९७२) ह्या संग्रहाने मुंबईच्या वेश्यावस्तीची बोली कवितेत आणली, तेव्हा अनेक सुशिक्षित वाचकांना शब्दांचे अर्थ विचारावे लागले. उपमाने कोणाच्या अनुभवातून यावीत, हा प्रश्न त्या संग्रहाने मराठी कवितेपुढे ठेवला. पूर्वी खेड्यातल्या मुलाने शब्दकोश उघडायचा असे. येथे तो कोश मध्यमवर्गीय वाचकाला लागला.

येथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कोणतीही प्रतिमा वारंवार वापरून झिजते. बाबासाहेबांना सूर्य म्हणणारी पहिली कविता लिहिली गेली, तेव्हा त्या शब्दात अंधाराचा खरा अनुभव होता. आज जयंतीच्या व्यासपीठावर दहांपैकी सात-आठ कवितांत सूर्य उगवतो आणि श्रोत्यांच्या मनात काहीही उजळत नाही. टाळ्या मिळतात त्या नावाला, कवितेला नव्हे. नव्या कवींना आम्ही सुचवू इच्छितो, की सूर्य, वादळ, ज्वालामुखी हे शब्द वर्षभर बाजूला ठेवावेत आणि आपल्या घरात, रेल्वेफलाटावर, बाजारात, वीटभट्टीवर काय दिसते ते पाहावे. श्रद्धेने झिजलेला शब्द वापरण्यापेक्षा कष्टाने शोधलेला शब्द वापरणे, हा बाबासाहेबांचा अधिक मोठा गौरव होय.

प्रतिमा आणि प्रतीक : 'लाल चिखल'

इंद्रियांना जाणवेल असे शब्दचित्र म्हणजे प्रतिमा. तीच प्रतिमा स्वतःच्या पलीकडच्या मोठ्या अर्थाची वाहक झाली, की प्रतीक होते. हा फरक समजण्यास मराठवाड्याच्या मातीतील भास्कर चंदनशिव ह्यांची 'लाल चिखल' ही कथा उपयुक्त आहे. 'जांभळढव्ह' (१९८०) ह्या त्यांच्या कथासंग्रहाने मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे जीवन त्याच्याच बोलीत मराठी कथेत आणले. 'लाल चिखल'मध्ये शेतकरी बाप आणि शाळकरी मुलगा टोमॅटो विकण्यास बाजारात जातात. भाव कोसळतो, आणि घाम गाळून पिकविलेला माल मातीमोल होतो. शेवटी बाप त्या टोमॅटोच्या ढिगावर चढून ते पायांनी तुडवितो.

टोमॅटो तुडवून झालेला लाल चिखल ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. म्हणून ती प्रथम प्रतिमा आहे. परंतु तोवर कथेने आपल्याला त्या मालामागील कष्ट आणि आशा दाखविलेल्या असतात. त्यामुळे तो लाल रंग रक्ताची आठवण करून देतो. बाप तुडवितो ते केवळ फळ राहत नाही, स्वतःचा हंगाम आणि स्वतःची किंमत तो तुडवीत असतो. लेखकाने 'हे रक्त आहे' असे सांगितले असते, तर कथा भाषण झाली असती. प्रतीक लेखक जाहीर करीत नाही. कथा ते हळूहळू पिकविते आणि वाचक ते ओळखतो. धर्माबादच्या वाचकाला तर ही कथा वाचताना लाल राशींचा स्वतःचा बाजार आठवल्याशिवाय राहणार नाही.

उपरोध : शब्द एक, अर्थ दुसरा

बोललेले एक आणि अभिप्रेत त्याच्या विरुद्ध, ह्या रचनेला उपरोध किंवा वक्रोक्ती म्हणतात. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे आणि त्यातील कथेचे नाव आहे 'जेव्हा मी जात चोरली होती'. नोकरीसाठी गुजरातेत गेलेला तरुण राहण्याच्या जागेसाठी आपली जात सांगत नाही, आणि ती उघड झाल्यावर त्याला मारहाण होते. आता शीर्षकाकडे पाहा. चोरी हा गुन्ह्याचा शब्द आहे. पण येथे चोरले काय? दुसऱ्याची वस्तू चोरतात, ह्या तरुणाने तर स्वतःचीच ओळख झाकली. गुन्हा समाजाचा आहे आणि आरोपीची भाषा पीडिताच्या तोंडी आली आहे. 'चोरली' हे एक क्रियापद संपूर्ण व्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. हा उपरोध लक्षात न घेता शीर्षक वाचणारा वाचक नायकालाच दोषी धरील.

उपरोध घटनेतही असतो. अण्णा भाऊंच्या 'स्मशानातील सोनं' ह्या कथेत खाणीतील काम सुटलेला भीमा चितेच्या राखेत आणि पुरलेल्या प्रेतांत सोन्याचे कण शोधतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्यानंतर बातमी येते, की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. काम परत आले, पण कामाचे हात गेले. लेखक कोणावर रागावत नाही, घटना केवळ ओळीने मांडतो. जिवंतांच्या जगात भाकरी मिळत नाही म्हणून मेलेल्यांच्या जगात ती शोधावी लागते, ही विसंगती घटनाक्रमातूनच बोलते.

उपरोधाला हास्याचे अंगही असते. थेरीगाथेतील मुत्ता थेरी आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो असे सांगते. त्या म्हणजे उखळ, मुसळ आणि पाठीत वाकलेला नवरा. पुढे ती जन्ममरणाच्या बंधनातूनही सुटल्याचे सांगते. स्वयंपाकघर आणि निर्वाण एकाच श्वासात आणणाऱ्या ह्या स्त्रीला हसण्याचे भान होते, आणि त्या हसण्यात तिच्या कष्टांचा हिशेबही होता.

निवेदक कोण आहे?

कथा वाचताना सर्वांत जास्त घोटाळा निवेदकाच्या बाबतीत होतो. कथेतील 'मी' म्हणजे लेखकच, असे आपले वाचक पटकन धरून चालतात. आत्मकथनांच्या मोठ्या परंपरेमुळे ही सवय लागली असावी. परंतु आत्मकथनातही 'मी' ही रचना असते. दया पवार ह्यांच्या 'बलुतं' (१९७८) ह्या ग्रंथात दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो, अशी मांडणी आहे. गावकुसाबाहेर वाढलेला दगडू आणि शिकून शहरात वावरणारा दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. शिक्षणाने आपल्या आयुष्याचे दोन तुकडे झाले, हे लेखकाला सांगायचे होते. निवेदनाची रचनाच ते सांगते.

म्हणून वाचकाने नेहमी तीन प्रश्न विचारावेत. बोलतो कोण? त्याला काय ठाऊक आहे? आणि काय ठाऊक नाही? 'लाल चिखल' मुलाच्या नजरेतून उलगडते. बाजारभाव कोसळण्याची कारणे मुलाला कळत नाहीत, बापाचा चेहरा मात्र कळतो. हीच कथा अडत्याच्या तोंडून आली असती, तर ती त्याच घटनेची वेगळी कथा झाली असती.

पुनरुक्ती आणि लय

शालेय दृष्टी पुनरुक्तीला दोष मानते. पालि वाङ्मय वाचताना नव्या वाचकाला हाच कंटाळा येतो. हे वाङ्मय अनेक पिढ्या मुखोद्गत होते, ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत लेखनबद्ध झाले, हे ध्यानात घेतले, की पुनरुक्तीचे कारण कळते. पुनरुक्ती हे स्मरणाचे साधन होते. आम्रपालीच्या गाथांत प्रत्येक वेळी तेच पालुपद येते, पण प्रत्येक वेळी एक अवयव अधिक झिजलेला असतो, म्हणून तेच शब्द अधिक जड होत जातात.

आंबेडकरी जलशाने आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांच्या गीतांनी हीच शक्ती वापरली. अक्षरओळख नसलेल्या वस्त्यांत विचार पोचला तो ध्रुपदाच्या खांद्यावर बसून. मराठवाड्यातील आयाबहिणींनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायिल्या, तेव्हा जात्याचा फेरा हाच त्यांचा छंद होता. आपल्या घरी अशा ओव्या कोणाला येत असतील, तर त्या आजच लिहून ठेवाव्यात. जाती थांबली आहेत, आणि गाणाऱ्या पिढीबरोबर ओव्याही जातील.

हे ज्ञान कशासाठी?

वाचकांपैकी कोणी विचारील, की पोटापाण्याचे आणि अत्याचाराचे प्रश्न समोर असताना उपमा-रूपकांची चर्चा कशाला? आमचे उत्तर असे, की आपल्यावर राज्य शब्दांतूनही केले गेले आहे. अस्पृश्यांना 'हरिजन' हे गोड नाव देण्यात आले. कटू वास्तव झाकणाऱ्या सौम्य शब्दाला पर्यायोक्त म्हणतात. त्या नावाने अन्याय करणाऱ्याचा उल्लेख पुसला आणि दयेची भाषा आणली, म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले. उलट 'दलित' ह्या शब्दात भरडण्याची, चिरडण्याची क्रिया आहे. भरडला गेलेला आहे, म्हणजे भरडणाराही कोणी आहे, हे तो शब्द लपवीत नाही.

मराठवाड्याने तर एका नावासाठी सोळा वर्षे मोजली आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि त्यानंतर वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे ह्यांच्यासारखी माणसे प्राणास मुकली. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय झाला, तेव्हा त्यास 'नामविस्तार' म्हटले गेले. 'नामांतर' आणि 'नामविस्तार' ह्या दोन शब्दांमधील अंतरात त्या लढ्याची तडजोड लिहिलेली आहे. ज्याला शब्दाची व्यंजना कळते, त्यालाच हे अंतर वाचता येते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. आज धर्माबादची मुले त्याच विद्यापीठात मराठी साहित्य शिकतात. त्यांनी हा इतिहास केवळ सनावळी म्हणून न वाचता शब्दांचा इतिहास म्हणूनही वाचावा.

चुकीच्या वाचनाचा धोका तथागतांनीही एका उपमेतूनच सांगितला आहे. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात ते म्हणतात, की सापाला शेपटीकडून धरणाऱ्याला तो उलटून दंश करतो, तसेच उपदेश चुकीच्या रीतीने धरणाऱ्याचे होते. त्याच सुत्तात नदी पार झाल्यावर डोक्यावर वाहायचा नसतो अशा तराफ्याची उपमा आहे. अलंकारांच्या ज्ञानालाही ती लागू पडते. नावे पाठ करून मिरविणे म्हणजे कोरड्या जमिनीवर तराफा वाहणे होय.

अभ्यासवर्गांसाठी आम्ही एक साधी रीत सुचवितो. आठवड्याला एकच कविता किंवा एकच लहान कथा घ्यावी. ती दोनदा मोठ्याने वाचावी, कारण लय कानाला कळते, डोळ्याला नाही. मग पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत. बोलणारा कोण आहे? तुलना कशाशी केली आहे, आणि ती वस्तू कोणाच्या आयुष्यातून आली? कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते? शब्दांचा सरळ अर्थ आणि खरा आशय ह्यांत कुठे विरोध आहे? आणि जे सांगितले नाही, ते काय आहे? अलंकाराचे नाव सर्वांत शेवटी विचारावे, किंवा विचारूही नये. ज्या आजीला शाळा मिळाली नाही तिलाही ह्या वर्गात बसवावे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तिच्याकडूनच मिळेल.